कुणाचा हा वीर?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बँकेच्या नोकरीत असताना माझ्या वाट्याला फक्त रविवार यायचा. सकाळी लवकर गेलं की पितळेचे ढीग अजून कुणी चिवडलेले नसतात, म्हणून मी आठच्या आत तिथं पोहोचायची. तेवीस वर्षं मी हा नेम पाळला. अडकित्ते, चुनाळी, करंडे, कोयऱ्या, फणेरपेट्या, लामणदिवे असं करत करत घर भरलं. सुताराकडून हॉलमध्ये सागवानी शोकेस करून घेतली, आत काचेचे कप्पे, वर पिवळा दिवा. पाहुणे आले की आधी तिकडेच बघायचे, आणि मला ते आवडायचं.

२०११च्या पावसाळ्यात एका घंगाळात मोडकी निरांजनं, दांडा तुटलेल्या पळ्या आणि एक वाकडं झालेलं ताम्हन असा ऐवज दिसला. तळाशी हात घातला तर टाक लागला. अंगठ्याएवढा, वर निमुळता, मागून तांब्याचा पत्रा, पुढून चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवलेला. घोडा आणि त्यावर तलवार उगारलेला स्वार. घोड्याचे पुढचे पाय तरतरीत होते, स्वाराचा चेहरा मात्र पार झिजलेला. नाक, डोळे, मिशा, काही उरलं नव्हतं. मी तो वेगळा मागितला. विक्रेता म्हणाला, "ताई, सुटा नाही देत, सगळं मिळून वजनावर घ्या." मी घेतलं. घोडेस्वार म्हणजे खंडोबा, असं मनाशी धरून त्याला शोकेसच्या मधल्या कप्प्यात, एक नक्षीचा करंडा आणि मोराचा अडकित्ता यांच्यामध्ये उभा केला. मागं लाल मखमलीचा तुकडा लावला. दिसायला फार सुंदर दिसत होता.

सात-आठ महिन्यांनी शोकेसची एक काच तडकली. काच बदलायला जे सुतारकाका आले ते सिन्नरकडचे, वय सत्तरीच्या पुढचं. कप्पा रिकामा करताना त्यांनी करंडा उचलला, अडकित्ता उचलला, आणि टाकाशी येऊन थांबले. हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "ताई, तुमचे देव इथं का मांडलेत?"

"आमचे नाहीत काका. बाजारातून आणलाय. खंडोबा आहे."

त्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. "खंडोबा नाही हा. म्हाळसा कुठंय? कुत्रं कुठंय? एकटाच स्वार. हा वीर आहे." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, शेजाऱ्याचं पोर आपल्या अंगणात दिसल्यावर विचारावं तसं विचारलं, "कुणाचा हा वीर?"

मला उत्तर देता आलं नाही. या लेखात जे काही आहे ते त्या न दिलेल्या उत्तरातून आलेलं आहे.

घरातला कुणी लढाईत पडला, कुणी ऐन तरुणपणी गेला, तर त्याच्या नावाचा टाक घडवून देवघरात बसवायची रीत महाराष्ट्रात कितीतरी घरांत आहे. खंडोबा, भवानी, जोतिबा, भैरोबा यांच्या रांगेत तोही बसतो. सणावाराला त्यालाही गंध, त्यालाही नैवेद्य. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. लोक आपापल्या घरचे वीर लाल फडक्यात बांधून वाजतगाजत गोदावरीवर नेतात आणि आंघोळ घालून परत आणतात. सुतारकाकांच्या घरी असा एक वीर आहे, त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. तो कसा गेला तेही ठाऊक होतं. काच बसवता बसवता त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि जाताना टाकाला हात जोडून गेले.

म्हणजे माझ्या शोकेसमध्ये, पिवळ्या दिव्याखाली, कुणाच्या तरी घरातला गेलेला मुलगा उभा होता. आणि मी त्याला करंड्याशेजारी 'छान दिसतो' म्हणून ठेवला होता.

आमच्या गुरुजींना विचारलं. त्यांनी मला धीर दिला, आणि त्यांचं उत्तर शास्त्राला धरून होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमा आठ प्रकारच्या सांगितल्या आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्राची, वाळूची, रत्नाची आणि मनात केलेली. त्यात पुन्हा चल आणि अचल असे भेद. अचल मूर्तीला रोजचं आवाहन-विसर्जन नाही, चल मूर्तीत ते करावं किंवा न करावं, वाळूच्या मूर्तीत मात्र दोन्ही हवीतच. गुरुजी म्हणाले, "अहो, देवत्व धातूत नसतं, आवाहनात असतं. पूजा थांबली, घर मोडलं, टाक भंगारात गेला. आता ती नुसती चांदी आणि तांबं. तुम्हाला दोष नाही."

दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटेना.

का ते सांगते. गणपती उठवायच्या दिवशी उत्तरपूजा होते. अक्षता वाहून, परत या अशी विनवणी करून मूर्ती जागेवरून किंचित सरकवतात. तेवढ्या सरकण्यानं घरातला देव जातो आणि शाडूची मूर्ती उरते. मग ती पाण्यात सोडायला हात धजावतो. आमच्या लहानपणी मूर्ती सरकवली की सगळ्या घराचा आवाज क्षणभर बसायचा. माझ्या आत्याचे डोळे दर वर्षी याच क्षणी भरून यायचे, विसर्जनाच्या वेळी नाही. आपल्या परंपरेला देव आणि वस्तू यांतला फरक नीट कळतो, आणि वस्तूला वस्तू म्हणायला ती घाबरत नाही. पण देवाची वस्तू होताना मध्ये निरोप लागतो. तो कुणीतरी, तोंडानं, समोर उभं राहून द्यायचा असतो. माझ्या वीराला तो कुणी दिला? त्याला तराजूत टाकलं एवढंच. पूजा थांबल्यानं देव निघून जातो हे मी मान्य करीन. पण एखाद्याला आपण जेवायला वाढणं बंद केलं म्हणून तो आपला कुणी लागत नाही, असं होतं का?

हा वीर तर मुळात देव म्हणून आलेलाच नव्हता. तो माणूस होता. त्याला आवाहन करून कुठून बोलवायचं नव्हतं, तो त्या घरातूनच गेला होता.

त्या सुमारास एका संग्रहालयात काम केलेल्या ओळखीच्या बाईंना मी टाक दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिला आणि पहिलीच ताकीद दिली: घासू नका. चांदीवरचा काळपटपणा हे त्याचं वय आहे, ते पुसलं की त्याची किंमत गेली. त्यांचं म्हणणं त्यांच्या शास्त्राप्रमाणे बरोबरच आहे. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी आमचे देव चिंचेनं आणि रांगोळीनं घासले जायचे, इतके की अन्नपूर्णेच्या हातातली पळी आता नुसती काडी राहिली आहे. मी तरुणपणी त्यांना एकदा म्हटलंही होतं, "आई, नक्षी जाते हो." त्या म्हणाल्या, "जाऊ दे. देव काळा दिसलेला चालायचा नाही."

वीराचा चेहरा कुणी झिजवला हे मला तेव्हा कळलं. काळानं किंवा गंजानं नाही. पिढ्यान्‌पिढ्या, सणामागून सण, घरातल्या बाईच्या अंगठ्यानं. गंध लावताना अंगठा नेमका चेहऱ्यावर यायचा, पुसतानाही तिथंच. घोड्याचे पाय शाबूत राहिले कारण पायांना कुणी गंध लावत नाही. ज्यांचं त्याच्यावर प्रेम होतं त्यांनीच त्याचे नाक-डोळे पुसून टाकले, आणि त्यांना त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही. चेहरा त्यांच्या ध्यानात होता.

पंढरपूरला हेच मोठ्या प्रमाणावर झालं आहे. तिथं पायांवर डोकं ठेवून दर्शन घेता येतं, म्हणून विठ्ठलाचे पाय झिजले. त्यांना आजवर अनेकदा वज्रलेप करावा लागला, २०२०मध्येही झाला. झीज थांबवायचा सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: लांबून बघा, हात लावू नका. तो उपाय वारकऱ्यांच्या गळी उतरत नाही, आणि का उतरत नाही ते मला या टाकानं शिकवलं. शोभेच्या वस्तूला आपण डोळ्यांनी भेटतो आणि ती जशीच्या तशी राहावी अशी इच्छा धरतो. तिनं आपल्याकडून काही मागू नये ही तर शोभेच्या वस्तूची पहिली अट आहे. देव मागतो. फूल मागतो, पाणी मागतो, सकाळचा वेळ मागतो, सुतक पाळायला लावतो, गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवायला लावतो. मी टाक शोकेसमध्ये ठेवला तेव्हा त्याच्यावर अन्याय केला तो हा: त्याचं मागणं बंद केलं. मखमल लावून, दिवा लावून, त्याला गप्प केलं.

मूर्ती ही कुणाच्या मालकीची असते का, हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे, आणि तो एका घरच्याच देवावरून गेला. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या सेवेच्या पाळ्या होत्या. घरातल्या एकाचं म्हणणं, माझ्या पाळीत देव माझ्या घरी नेणार. दुसऱ्याचं म्हणणं, देव ठाकूरबाडीतून हलायचा नाही. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९२५ साली निकाल लागला: मूर्ती ही इकडून तिकडे उचलून न्यायची चीजवस्तू नाही, हिंदू कायद्यात ती स्वतः एक व्यक्ती आहे, आणि तिनं कुठं राहावं याबाबत तिच्याही इच्छेचा मान राखला पाहिजे. ती इच्छा कोर्टापुढे मांडायला, ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही असा कुणीतरी देवाच्या बाजूनं उभा राहावा, असंही न्यायाधीशांनी म्हटलं. माझ्या पुतण्यानं, तो वकील आहे, मला हे प्रकरण समजावून सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. 'देवाच्या बाजूनं उभा राहणारा कुणीतरी'. सुतारकाका त्या दिवशी नेमके तेच करत होते.

आणि भानुदासांची कथाही याच प्रश्नाची आहे. विजयनगरच्या राजानं विठ्ठल आपल्या राजधानीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरीला आणला, असं परंपरा सांगते. राजा दुष्ट नव्हता. त्यानं देवासाठी वैभवाची कमतरता ठेवली नसणार. पण देवाची जागा वैभवावरून ठरत नाही, त्याची वाट बघणारे कुठं आहेत त्यावरून ठरते.

जुन्या वस्तू गोळा करणं वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांच्यामुळे मला ही गोडी लागली ते दिनकर केळकर पुण्याचेच. 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहीत. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली, कोथरूडचा मस्तानी महाल सोडवून आणून संग्रहालयात उभा केला. वीस हजारांहून अधिक वस्तू झाल्या. संग्रहाला त्यांनी नाव दिलं लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, आणि शेवटी सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. मी त्या संग्रहालयात शाळेच्या सहलीबरोबर पहिल्यांदा गेले, नंतर असंख्य वेळा गेले. आता मला ते नाव वेगळं वाटतं. गेलेल्या मुलाच्या नावानं चांदीचा टाक करण्याऐवजी एका बापानं वीस हजार वस्तू त्याच्या नावानं उभ्या केल्या. तिथल्या वस्तू गप्प नाहीत, कारण त्या एका नावाला बांधलेल्या आहेत. माझ्या शोकेसमधल्या वस्तू फक्त माझ्या आवडीला बांधलेल्या होत्या.

पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह सांगितला, साठवू नये म्हणून. त्याचं फळ त्यांनी सांगितलं आहे ते मला पूर्वी कोड्यासारखं वाटायचं: ज्याचा अपरिग्रह पक्का झाला त्याला आपला जन्म कसा, कुठून, याचा बोध होतो. साठवणं सोडण्याचा आणि जन्माच्या ज्ञानाचा काय संबंध? टीकाकार काय म्हणतात ते मी वाचलंय, पण मला माझ्यापुरता त्याचा अर्थ जुन्या बाजारात लागला. वस्तू 'माझी' झाली की तिचा जन्म पुसला जातो. घंगाळातला टाक मी उचलला त्या क्षणी त्याचं गाव, घर, नाव संपलं आणि त्याचा इतिहास 'मी २०११ साली घेतला' इथून सुरू झाला. हातातली पकड थोडी सैल केली तरच विचारावंसं वाटतं, बाबा, तू आलास कुठून?

हे फक्त पितळ-चांदीपुरतं नाही. आमच्या सोसायटीत नव्या सजावटीच्या प्रत्येक घरात आता बुद्धाचं मस्तक दिसतं, नुसतं मस्तक, मानेपासून वर. टेबलावर, कारंज्याशेजारी, चपलांच्या कपाटावर. माझ्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळ नागपूरच्या ताईंच्या घरी मात्र बुद्ध अख्खा आहे, पद्मासनात, वरच्या फळीवर, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. त्यांचे सासरे १९५६च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर होते. ताई एकदा मला म्हणाल्या, "काकू, ते नुसतं डोकं बघितलं की माझ्या पोटात कालवतं." जाव्यातल्या बोरोबुदुरला ५०४ बुद्धमूर्ती होत्या. त्यातल्या तीनशेहून अधिक आज भग्न आहेत आणि बहुतेकांची डोकी जागेवर नाहीत. डोकं नेणं सोपं, अख्खी मूर्ती नेणं अवघड. दुकानातलं मस्तक हल्ली साच्यातून निघतं, कुणाची मान कापून नाही, हे खरं. तरी तो आकार सुंदर म्हणून आपल्या डोळ्यांत बसला तो कापलेल्या मानांमुळे. ज्यांना तो घरात ठेवायचाय त्यांनी एकदा ताईंच्या शेजारी उभं राहून त्याच्याकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मी काय केलं ते सांगते. शोकेस काढली नाही, पण दिवा काढला. ज्या वस्तू वापरता येतात त्या बाहेर काढल्या. मोराच्या अडकित्त्यानं सुपारी कातरते, त्याची धार अजून चांगली आहे. लामणदिवा दिवाळीत पेटतो आणि छत काळं करतो. फणेरपेटी भाचीच्या लग्नात दिली आणि तिला सांगितलं, यात फणी ठेव, कानातले ठेव, पण रिकामी ठेवू नकोस. ज्यांचा उपयोग मला करता येणार नव्हता, त्यांतल्या काही विचारून विचारून योग्य हातात दिल्या. अजून बऱ्याच उरल्या आहेत.

वीर शोकेसमध्ये नाही. देवघरातही नाही, कारण त्याला आमच्या देवांच्या पंक्तीत बसवायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. तो अधिकार त्याच्या घरच्यांचा. देवघराखालच्या फळीवर एका छोट्या पाटावर तो असतो. सर्वपित्रीला एक पान त्याच्यासाठी वेगळं वाढते. धुळवडीला त्याला आंघोळ घालते, चिंच लावून, आणि हो, घासते. संग्रहालयवाल्या बाईंनी मला क्षमा करावी. नदीत सोडायचा विचार केला होता, कारण जीर्ण टाक पाण्यात सोडायची रीत आहे. पण ती घरच्यांनी द्यायच्या निरोपाची रीत. तो निरोप मी देणारी कोण?

एक पेच मात्र सुटलेला नाही, आणि तो मी वाचकांपासून लपवणार नाही. जुन्या बाजारात मी अजून जाते. अजूनही ढिगात टाक दिसतात, दर खेपेला एखादा तरी. मी घेतला नाही तर तो मोडीत जाऊन वितळतो. घेतला तर विकणाऱ्याला कळतं की टाकांना गिऱ्हाईक आहे, आणि मग तो वाडे रिकामे करणाऱ्यांकडे टाक मागू लागतो. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तूंच्या व्यापारावर १९७२चा कायदा आहे, परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाहीत. पण अंगठ्याएवढ्या टाकाचं वय कोण तपासतो? मी गेल्या दहा वर्षांत तीन घेतले. तिन्ही वेळा आधी विचारलं, "हे कुठल्या घरातून आलं?" तिन्ही वेळा उत्तर आलं नाही. सुतारकाका आज हयात असते तर घेण्याबद्दल त्यांना विचारलं असतं.

टाक बाजारात येतात ते घरं रिकामी होताना. म्हातारं माणूस गेलं, वाडा पाडायला दिला, मुलं परगावी, परदेशी. फ्लॅटमध्ये देवघर आहे दीड फुटाचं. बोहारणीला किंवा भंगारवाल्याला द्यायच्या पितळेत टाक असतात हे बघायला कुणाला वेळ नसतो. पुण्यात, साताऱ्यात, नाशकात, कोल्हापुरात आज अशी कितीतरी घरं उपसली जात आहेत. तुमचं घर त्यांपैकी असेल तर एक करा. घरातलं जे सगळ्यात वडील माणूस आहे, चुलती, आत्या, थोरले काका, त्यांच्यापुढे देवघरातले टाक एकेक करून ठेवा आणि विचारा हा कोण. जे सांगतील ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्या टाकाखाली ठेवा. माझ्याकडच्या वीराचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. तुमच्याकडच्यांची नावं अजून कुणाच्या तरी तोंडात असतील. ती याच आठवड्यात विचारून घ्या.